आर्सचा थकलेला मेंढपाळ : संत जॉन मारी व्हियानी

दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जॉन मारी व्हियानी ह्यांचा सण साजरा करते. त्यांचे उपवास, त्यांची प्रार्थना आणि पापनिवेदनासाठी त्यांच्याकडे लागलेली रीघ ह्यांविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. त्यांच्या थकव्याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. आज आम्ही त्याच पैलूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

फ्रान्समधील लियों शहराजवळच्या दार्दिली गावी ८ मे १७८६ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्या काळात धर्मगुरूंना लपूनछपून मिस्सा अर्पण करावी लागे. मोठेपणी गुरुपदासाठी शिकताना लॅटिन भाषा त्यांना काही केल्या जमेना. एक्युलीचे धर्मगुरू फादर बाले ह्यांनी धीर दिला म्हणूनच ते टिकले आणि १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८१८ साली त्यांना आर्स ह्या जेमतेम २३० वस्तीच्या खेड्यात पाठविण्यात आले.

पुढे ह्या लहानशा गावाकडे साऱ्या फ्रान्सची पावले वळली. त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत दरवर्षी हजारो यात्रेकरू आर्सला येत. फादर व्हियानी मध्यरात्रीनंतर उठत आणि उन्हाळ्यात दिवसाचे १६-१६ तास पापनिवेदन ऐकत. आहार म्हणजे बहुधा उकडलेले बटाटे आणि झोप अवघी काही तासांची. काही सहधर्मगुरूंनी त्यांच्या अल्पशिक्षणाबद्दल तक्रार अर्ज फिरविला. तो चुकून त्यांच्याच हाती पडला, तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःची सही करून तो वरिष्ठांकडे धाडला, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. १८५५ साली सरकारने देऊ केलेले मानचिन्ह त्यांनी कधीच धारण केले नाही. लोकांच्या नजरेतली प्रतिमा आणि देवासमोरचे आपले खरे रूप ह्यांत त्यांनी गल्लत होऊ दिली नाही.

परंतु हाच पुण्यपुरुष आतून पिळवटून निघाला होता. आपण ह्या पदाला अपात्र आहोत ही भीती त्यांना सतत छळत असे. एखाद्या मठात जाऊन एकांतात प्रार्थना करीत उरलेले आयुष्य काढावे, ही ओढ त्यांना कधी सोडून गेली नाही. १८४३ च्या मे महिन्यात ते मरणाच्या दारातून परतले आणि सप्टेंबरमध्ये रात्रीच्या वेळी आर्स सोडून दार्दिलीस भावाच्या घरी गेले. यात्रेकरू तेथेही पोहोचले. काही दिवसांतच ते परत आले. १८५३ साली त्यांनी पुन्हा एकदा रात्रीच निघण्याचा प्रयत्न केला. गावकऱ्यांना सुगावा लागला, त्यांनी विनवण्या करून वाट अडविली आणि फादर पुन्हा पापनिवेदनगृहात जाऊन बसले.

ह्या घटना त्यांच्या संतपणाला उणेपणा आणतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी आपला थकवा लपविला नाही, बिशपांकडे निवृत्तीची परवानगी वारंवार मागितली, आणि ती मिळाली नाही तेव्हा आज्ञाधारकपणे आपले काम केले. त्याच १८५३ नंतर धर्मप्रांताच्या मिशनरी धर्मगुरूंनी त्यांच्या कामाचा काही भार उचलला. तरीही कष्ट संपले नाहीत. ४ ऑगस्ट १८५९ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी आर्समध्येच त्यांनी देह ठेवला. पोप अकरावे पायस ह्यांनी १९२५ साली त्यांना संतपद बहाल केले आणि १९२९ साली धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते घोषित केले.

आपल्या धर्मग्रामातही दिवसभर सर्वांचे ऐकून घेणारे धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, संस्था चालविणारे प्रापंचिक पुढारी आहेत. ते हसतमुख दिसतात म्हणून ते थकत नाहीत असे समजणे अन्यायाचे होईल. आर्सच्या लोकांनी आपल्या फादरांची वाट अडविली, ती प्रेमापोटी. परंतु प्रेमाने वाट अडविणाऱ्यांनी ओझ्यालाही हात लावावयास हवा. ह्या सणाच्या दिवशी आपण आपल्या धर्मगुरूंसाठी प्रार्थना करू या, आणि त्यांच्या विश्रांतीची काळजीही वाहू या.