वाँटेज ते केडगाव : पंडिता रमाबाईंची विद्यार्थिदशा



आपल्या शाळा-महाविद्यालयांतील आणि मंडळ्यांतील तरुणांचे गट सहलीसाठी परदेशी जातात, ही गोष्ट आता कोणाला नवलाची वाटत नाही. आपण मुंबई-पुण्यात राहत असा, नागपूर-बेळगावकडे असा, किंवा बंगळुरूजवळील होसकोट्यासारख्या गावी आपले मराठी घर राखून असा, आपल्या परिचयाचा एखादा तरुण लंडनचे सेंट पॉल किंवा कँटरबरीचे प्राचीन महामंदिर पाहून आलेला असेल. त्याने आणलेली छायाचित्रे आपण कौतुकाने पाहिली असतील. सहावे शतक संपत असता संत ऑगस्टीनने जेथे सुवार्तेचे कार्य आरंभिले, त्या कँटरबरीत उभे राहिल्यावर कोणाचेही मन नम्र होईल. असे प्रवास अवश्य घडावेत. परंतु ते पाहून परतताना आपण बरोबर काय आणावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना १८८३ साली विद्याभ्यासासाठी इंग्लंडला गेलेल्या एका मराठी विद्यार्थिनीचे चरित्र आपल्याला मोलाचे वाटेल. ती विद्यार्थिनी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या लेकीस दिली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थामागून तीर्थ हिंडत असे. भव्य देवालये आणि यात्रेकरूंची दाटी हेच रमाबाईंचे बालपण होते. दुष्काळात आईवडील व बहीण उपासमारीने गेली. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हजारो मैल पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच ही विदुषी विधवा झाली.

वाचकहो, देवालये पाहण्याची हौस म्हणून रमाबाई विलायतेस गेल्या नाहीत, हे आपल्या ध्यानात आले असेल. देवालये त्यांनी आपल्या देशात पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांच्या पायऱ्यांवर उपाशी बसणाऱ्या विधवाही पाहिल्या होत्या. १८८२ साली त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी व स्त्री डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. आपणच वैद्यकी शिकावी, असे त्यांच्या मनात आले. पुण्यात कार्य करणाऱ्या सेंट मेरी भगिनीसंघाशी त्यांचा परिचय झाला होता. त्या भगिनींचा मूळ मठ इंग्लंडमध्ये वाँटेज येथे होता, व तेथे राहण्याची सोय होण्यासारखी होती. ‘स्त्रीधर्मनीति’ हे आपले पुस्तक विकून त्यांनी प्रवासखर्च उभा केला. दुसऱ्याच्या पैशाने जाऊन मिंधे व्हावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

१८८३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मुंबई सोडली. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. दोन तरुण स्त्रिया आणि एक तान्हुली, एवढाच तो विद्यार्थ्यांचा संघ! मे महिन्यात त्या वाँटेजला पोहोचल्या.

वाँटेज हे ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येस असलेले एक लहानसे गाव. इंग्रजांचा प्राचीन राजा आल्फ्रेड येथे जन्मला, आणि १८७७ साली बाजारचौकात त्याचा पुतळा उभारण्यात आला. जवळच संत पेत्र व संत पौल यांच्या नावाचे मध्ययुगीन दगडी मंदिर आहे. या मंदिराचे आचार्य विल्यम बटलर यांनी १८४८ साली भगिनीसंघाची स्थापना केली होती. जुन्या वास्तू, इतिहासप्रसिद्ध नावे, घंटांचा नाद हे सर्व रमाबाईंच्या नित्य दृष्टीस पडत होते. तथापि त्यांच्या जीवनाला कलाटणी देणारी वास्तू वेगळीच होती.

भगिनींनी त्यांना काही दिवसांसाठी लंडनच्या फुलहॅम भागातील आपल्या एका आश्रमात पाठविले. समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळत असे. या स्त्रियांना कोणी दूषण देत नव्हते. त्यांना प्रेमाने वागविले जाई, काम शिकविले जाई. आणि त्यांच्यापैकी काहींचे जीवन इतके पालटले होते की त्या स्वतः आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. रमाबाईंनी असे कोठेही पाहिले नव्हते. ज्या धर्मशास्त्रांचे त्यांनी पठण केले होते, त्यांत अशा स्त्रीसाठी दंड सांगितलेला त्यांना ठाऊक होता. दया करणारे दार त्यांना येथे प्रथम दिसले. हे कोणाच्या प्रेरणेने चालते, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर एकट्या आलेल्या त्या स्त्रीशी प्रभू येशू किती आदराने बोलला, हे ऐकून रमाबाईंच्या अंतःकरणाची खात्री झाली की हिंदुस्थानातील पददलित स्त्रियांना उचलून धरणारा तारणारा हाच होय.

परंतु हा मार्ग सुखाचा नव्हता. त्याच वर्षी वाँटेज येथे आनंदीबाई भगत यांच्या मनाचा तोल ढळला आणि त्यांनी विष घेऊन जीवनाचा अंत केला. परमुलखातील एकटेपण, धर्माविषयीची भीती, घरापासूनचे अंतर यांचा भार त्या कोवळ्या जिवाला पेलला नाही. हे दुःख रमाबाईंनी कसे सोसले असेल, याची कल्पना आपण करावी. त्या काही काळ ऑक्सफर्डला संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर यांच्या घरी राहिल्या. आपल्या मुलांना शिक्षणासाठी दूरदेशी पाठविणाऱ्या आईबापांनी आणि मंडळ्यांनी आनंदीबाईंना विसरू नये. वाटखर्चाची आणि निवाऱ्याची सोय केली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे होत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी व मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. तथापि वाँटेजमध्येही त्यांची परीक्षा संपली नव्हती. श्रवणशक्ती मंद असल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे प्राचार्या डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या इंग्रजी, गणित, विज्ञान शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध दर्शविला. आपल्या विवेकाचा निर्णय दुसऱ्यांनी करावा, हे रमाबाईंना मान्य झाले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि मंडळीच्या अधिकाराविषयीही त्यांनी भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून परखड वाद केला. या जेराल्डीनबाईंना त्या प्रेमाने आजीबाई म्हणत; वाद झाला तरी नाते तुटले नाही.

या वादातील एक गोष्ट आपण मनात ठेवावी. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, हे रमाबाईंना पसंत पडले नाही. अक्षरे हवीतच तर ती संस्कृत असावीत, असा त्यांचा आग्रह होता. संस्कृत ही देवभाषा आहे म्हणून हा आग्रह नव्हता. आपल्या मायभूमीची ती जुनी व सुंदर वाणी आहे म्हणून होता. भोजनातही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. ख्रिस्ताला स्वीकारताना इंग्रज होण्याची आवश्यकता नाही, हे त्यांना पुरते उमगले होते. अनेक पंथांची भांडणे पाहून, आपण केवळ ख्रिस्ती म्हणवून घ्यावे, असे त्यांनी ठरविले.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तो सोहळा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे जवळजवळ तीन वर्षे त्या त्या देशात हिंडल्या, व्याख्याने दिली, बालवाडीची शिक्षणपद्धती शिकल्या. त्यांच्या कार्याला दहा वर्षे साह्य करण्यासाठी १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या प्रवासावरील त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ साली निघाला. आपण तो उघडला तर त्यात राज्यकारभार, शाळा, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग यांना स्वतंत्र प्रकरणे दिलेली आढळतील. प्रवाशाने कोणत्या दृष्टीने देश पाहावा, याचा तो वस्तुपाठच होय.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या, आणि ११ मार्च रोजी चौपाटीवर शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई कर्वे म्हणून ती प्रसिद्ध झाली. १८९० साली सदन पुण्यास आले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना आणखी एक शोध लागला. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, परंतु स्वतः ख्रिस्ताला अजून शरण गेलो नाही, असे त्यांना जाणवले, आणि त्यांनी आपले जीवन नव्याने त्याच्या हाती सोपविले. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ झाले. १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थनेची सक्ती कोणावर केली नाही, पण आपल्या खोलीचे दारही लावून घेतले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळपीडितांची भर पडून तेथील संख्या २००० च्या घरात गेली. शेत, विहिरी, विणकाम, छापखाना, अंधांसाठी बर्तमी सदन असा तो संसार होता. आणि त्यात एक कृपा सदन होते. ज्या स्त्रियांना कोठेही थारा नव्हता, त्यांच्यासाठी ते होते. वाचकहो, फुलहॅमचे ते दार येथे पुन्हा उघडलेले आपल्याला दिसत नाही काय? वाँटेजचे शिखर अथवा चेल्टनहॅमच्या कमानी रमाबाईंनी केडगावी आणल्या नाहीत. १८९९ साली मुक्तीत उपासनामंदिराचा पाया घातला गेला खरा, पण तोपर्यंत त्या आवारात शेकडो अनाथांना घर मिळाले होते. आधी माणसे गोळा झाली, मग त्यांच्यासाठी भिंती उभ्या राहिल्या.

क्रूसावरील अक्षरांचा तो जुना आग्रहही त्यांनी अखेरपर्यंत निभावला. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण शास्त्राचे स्वतः भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच ते जुळविले व छापले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा देवाघरी गेली. एकुलत्या लेकीचे दुःख उरी धरून रमाबाईंनी ते काम शेवटास नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते शास्त्र १९२४ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले.

आपल्या मंडळीतील तरुण उद्या परदेशी निघतील, तेव्हा त्यांना आनंदाने निरोप द्यावा. त्यांनी उंच कमानी पाहाव्यात, रंगीत काचांतून येणारा प्रकाश पाहावा, शतकानुशतके तेथे झालेल्या प्रार्थनांचे स्मरण करावे. परंतु त्या मंदिराच्या मागच्या गल्लीत भुकेल्याला कोण जेवू घालते, टाकलेल्या स्त्रीला कोण दार उघडते, हेही विचारून यावे, असे त्यांना आवर्जून सांगावे. परतल्यावर छायाचित्रे पाहून झाली की त्यांना आणखी एक प्रश्न करावा : तेथे पाहिलेले कोणते दार आपल्या गावात उघडता येईल? आणि त्यांनी उत्तर दिले, तर ते दार उघडण्यास आपणही त्यांच्याबरोबर उभे राहावे. प्रभू आपणा सर्वांस तशी बुद्धी व बळ देवो.