आयगेनव्हॅल्यूवाले कोसंबी

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला असाल, तर आयगेनव्हॅल्यू हा शब्द वाचूनच पोटात गोळा येईल. डिटर्मिनंट काढा, शून्याशी मांडा, लॅम्डा शोधा, मार्क खिशात. पण हा लॅम्डा सांगतो काय, असं विचारलं की बहुतेकांची दांडी गुल. (मी मास कॉमची, माझी तर आधीच गुल होती.) पुण्यातल्या एका माणसाने 1943 मध्ये या लॅम्डाचा असा काही उपयोग दाखवला, की आज तो जगभर वापरतात. फक्त त्याचं नाव बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

दामोदर धर्मानंद कोसंबी. तुम्ही त्यांना इतिहासकार म्हणून ओळखत असाल. जन्म 1907 चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर अकराव्या वर्षी अमेरिकेला गेले आणि 1929 मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. मग बनारस, अलीगढ आणि पुण्याचं फर्ग्युसन. माणूस खोडकरही होता. 1931 मध्ये आंद्रे वेय या फ्रेंच गणितीच्या सांगण्यावरून त्यांनी बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयावर चक्क शोधनिबंध छापला. पुढे वेय आणि मित्रमंडळींनी तेच नाव घेऊन फ्रान्समध्ये अख्खं गणित नव्याने लिहायला घेतलं.

आता 1943 कडे येऊ. त्यासाठी आपल्या संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्टेशनवर चला. समजा, तुम्ही वर्षभर रोज दर तासाला गर्दी मोजली आणि प्रत्येक दिवसाचा आलेख काढला. झाल्या 365 वाकड्यातिकड्या रेषा. प्रत्येक वेगळी, पण पूर्णपणे वेगळी नाही. कामाचा दिवस की सुट्टी, यावर अख्खी रेषा वरखाली होते. कंपन्यांची शिफ्ट बदलली की चढ सरकतो. पाऊस आला की आणखी काही. म्हणजे मोजक्याच मूळ आकारांची कमीजास्त भेसळ करून जवळजवळ सगळे दिवस तयार करता येतील. हे आकार आपण मनाने ठरवायचे नाहीत, आकड्यांतूनच काढायचे. कुठल्या वेळेची गर्दी कुठल्या वेळेच्या गर्दीबरोबर वाढते-घटते, याचं मॅट्रिक्स मांडायचं. त्याचे आयगेनव्हेक्टर म्हणजे ते मूळ आकार. आणि आपला लॅम्डा? एकूण चढउतारातला किती वाटा त्या आकाराचा, हे तो सांगतो. मोठे लॅम्डा ठेवा, बारके सोडून द्या. किती चूक राहील, तेही आधीच कळतं: सोडलेल्या लॅम्डांची बेरीज.

कोसंबींनी हे सुट्या आकड्यांसाठी नाही, तर सलग वक्रांसाठी मांडलं. निबंध छापला भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात. ऐन महायुद्धात तो परदेशात किती जणांच्या हाती पडणार? पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह आपापल्या वाटेने तिथेच पोचले आणि पद्धतीला त्या दोघांचं नाव मिळालं.

गंमत बघा. 1944 मध्ये याच कोसंबींनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. ते लंडनच्या नियतकालिकात आलं, आणि जनुकशास्त्रात ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात. माणूस एक, वर्षं लागोपाठची.

पण सगळा दोष जगावर टाकावा, असं मला वाटत नाही. कोसंबींनी स्वतःही ती कल्पना लावून धरली नाही. प्राचीन नाणी हाताळून किती झिजली, यावरून त्यांचा काळ ठरवायचा म्हणून हजारो नाणी तराजूवर वजन करत बसले. भर्तृहरीची संस्कृत सुभाषितं संपादित केली. कार्ल्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचत हिंडले. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावल्यावर ते डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई रोज जाऊन येऊन करत. म्हणजे आपल्या पिंपरीवरून, न थांबता. पुढे रीमानचं कोडं सोडवल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही. त्यात नाव खराब झालं, ते झालंच. 1962 मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. 29 जून 1966 ला पुण्यात ते गेले, वयाच्या 58 व्या वर्षी.

पुढच्याच वर्षी लम्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने हीच पद्धत खवळलेल्या हवा-पाण्याच्या प्रवाहाला लावली. भोवऱ्यांच्या त्या गोंधळातून मोठे, ठळक आकार वेगळे निघाले. 1987 मध्ये माणसांचे चेहरे मोजक्या आकड्यांत बसवायलाही हीच वापरली. हल्ली काही जण तिला तीन नावांनी ओळखतात: कोसंबी, कारहुनेन, लोएव्ह.