समुद्रतळाचा हिशेब मांडणारे मरे

सर जॉन मरे यांचा जन्म १८४१ मध्ये कॅनडात, एका स्कॉटिश कुटुंबात झाला. एडिनबरा विद्यापीठात ते वैद्यक शिकले, पण पदवी कधीच घेतली नाही. तरीही १८६८ मध्ये देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून ते आर्क्टिकला गेले आणि पुढे समुद्राचेच झाले.

१८७२ मध्ये जगभरचे समुद्र तपासायला निघालेल्या ‘चॅलेंजर’ जहाजावर मरे निसर्ग-अभ्यासक होते. फेब्रुवारी १८७३ मध्ये कॅनरी बेटांजवळ तळ खरवडताना काळे लंबगोल खडे वर आले. ते मुख्यतः मँगनीज ऑक्साइडचे निघाले. असे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. मोहिमेच्या प्रमुखांच्या निधनानंतर मरे यांनीच पन्नास खंडांचा अहवाल १८९५ मध्ये पूर्णत्वास नेला.

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या दगडांत मरे यांना फॉस्फेट आढळले. १८८८ मध्ये ब्रिटनने ते बेट ताब्यात घेतले आणि पुढे मरे यांच्या कंपनीने तिथे खाण सुरू केली. ‘चॅलेंजर’वर झालेल्या खर्चापेक्षा जास्त पैसा त्या बेटातून सरकारी तिजोरीत आला, असा हिशेब मरे मांडत. त्यात एक रकाना मात्र नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले शेकडो चिनी मजूर बेरीबेरीने दगावले. सडलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना ‘ब१’ जीवनसत्त्व मिळत नव्हते. १९१४ मध्ये मोटार अपघातात मरे यांचे निधन झाले.

त्यांच्या काळ्या गोळ्यांना आज पुन्हा भाव आला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८१ मध्ये ‘गवेषणी’ जहाजावरून असे गोळे अरबी समुद्रातून वर काढले. त्यांतले मँगनीज नुसत्या आम्लात सहज विरघळत नाही. आधी त्याचे क्षपण करावे लागते. पोलादाचा गंज आम्लाने काढल्यावर जे सांडपाणी उरते, त्यातले फेरस लोह हे काम करू शकते. म्हणजे एका कारखान्याचा कचरा दुसऱ्याच्या कामी येतो.

डॉक्टर म्हणून मला पुढचा रकाना दिसतो. शरीराला मँगनीज लागते, पण रोज काही मिलिग्रॅमच, आणि ते अन्नातून मिळते. त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली तर मेंदूला इजा होते, चाल अडखळते, पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात. मरे यांच्या जन्माआधीच, १८३७ मध्ये, स्कॉटलंडमधल्या मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हा आजार नोंदला गेला होता. म्हणून कारखाना उभा राहण्याआधीच धूळ रोखण्याची सोय आणि कामगारांची नियमित तपासणी, हा खर्च हिशेबात धरायला हवा.