नामदार गोखले : विरोध आणि समेट

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना 'नेमस्त' म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. आम्हांस तो न्याय वाटत नाही. १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमीनमहसुलाचे विधेयक सरकारी बहुमताने रेटले जात असता फिरोजशहा मेहतांपाठोपाठ सभात्याग करणारे हेच गोखले! पुढील वर्षी ते कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तेथेही बहुमत सरकारचेच. तरी न्यायमूर्ती रानड्यांचा हा शिष्य दरसाल अंदाजपत्रकातील आकडे सरकारवरच उलटवी. मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०७ मध्ये एक रुपयावर आला, त्यात या चिकाटीचा वाटा होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मात्र मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

परक्यांशी वाद घालताना टिकलेला हा संयम स्वकीयांच्या भांडणात अपुरा पडला, असे आम्हांस वाटते. टिळक आणि गोखले दोघेही कोकणचे, डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वावरलेले. पण १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस दुभंगली. १९१४ अखेर बेझंटबाईंनी चालविलेला समेटाचा प्रयत्नही फसला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. पुण्याच्या स्मशानभूमीत टिळकांनी त्यांना आदरांजली वाहिली. पुढे १९१६ मध्ये लखनौस दोन्ही पक्ष एका मांडवाखाली आले.