धीट म्हणावे की उद्धट?

मुलगा चारचौघांत स्पष्ट बोलला की आपण त्याला धीट म्हणतो. मुलगी बोलली की आगाऊ! भगिनींनो, या दोन शब्दांमधले अंतर डॉ. रखमाबाईंना फार महाग पडले.

त्यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. आई जयंतीबाई, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, नामांकित डॉक्टर. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागले, पण रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि वाचनात रमल्या. १८८४ मध्ये नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. तरी त्या गेल्या नाहीत. न कळत्या वयात, आपल्याला न विचारता झालेले लग्न आपल्याला बांधून ठेवू शकत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध 'एक हिंदू स्त्री' या सहीने पत्रे आली. ती रखमाबाईंचीच. नाव झाकून लिहिणे हे कसले धाडस, असे कोणी म्हणेल. पण ज्या काळी बाईने वर्तमानपत्र वाचणेही खपत नसे, त्या काळी लेखणी उचलणे हीच केवढी छाती!

अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. आता नाव झाकलेले नव्हते. टिळकांचा 'केसरी'ही त्यांच्या विरुद्ध होता. बाई शिकली की अशी उद्धट होते, हे ज्याच्या त्याच्या तोंडी. मात्र त्यांच्या वागण्यात आदळआपट कुठेच दिसत नाही. नकार तोच, शांतपणे दिलेला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंग टळला.

१८८९ मध्ये त्या विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेच्या व नंतर राजकोटच्या इस्पितळात त्यांनी बायकांची बाळंतपणे आणि दुखणी काढली. पुन्हा लग्न केले नाही. १९५५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर त्या वारल्या.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्या नवऱ्याकडे जाण्यापेक्षा कैद बरी म्हटली, त्याच्या मागे रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. कोणी सक्ती केली नव्हती. का, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.