एडवर्ड जेन्नर : देवीचा रोग आणि आईबापांचे भय

आमच्या पिढीतील आणि तिच्या आधीच्या पिढ्यांतील बहुतेकांच्या हातावर देवी काढल्याचे गोल वण आहेत. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांना ते कसे उमटले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. १९८० नंतर जन्मलेल्यांच्या हातावर मात्र ते दिसत नाहीत, कारण तो रोगच पृथ्वीवर उरला नाही. हा पालट ज्या ग्रामीण वैद्याच्या कार्यामुळे झाला, त्या डॉ. एडवर्ड जेन्नर यांचे नाव पाठ्यपुस्तकांमुळे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांना रोगाइतकेच लोकांच्या भयाशी, आणि विशेषतः आईबापांच्या भयाशी, झुंजावे लागले, ही बाजू पाठ्यपुस्तकाच्या दहा ओळींत मावत नाही. हीरक महोत्सवाच्या या अंकात, माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर, ती मांडावीशी वाटते.

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली या लहानशा गावी झाला. वडील तेथील चर्चचे धर्मगुरू होते. नऊ भावंडांत एडवर्ड आठवे. वयाच्या पाचव्या वर्षीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि थोरल्या भावंडांनी त्यांचा सांभाळ केला. त्या काळी देवीच्या रोगाने युरोपात दरवर्षी सुमारे चार लाख माणसे मृत्युमुखी पडत असावीत, असा अंदाज आहे. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत आणि कित्येकांची दृष्टी जाई. मूल देवीतून उठल्याखेरीज ते आपले म्हणू नये, अशीच तेव्हाच्या आईबापांची मनःस्थिती होती.

या रोगावर एक उपाय त्या काळी प्रचारात होता. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेखाली टोचायचा, म्हणजे रोग हलका होऊन जातो व पुन्हा होत नाही. ही रीत आशिया व आफ्रिका खंडांत जुनी होती. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज वकिलाच्या पत्नीने ती तुर्कस्तानात पाहिली, १७१८ साली आपल्या मुलाला आणि १७२१ साली लंडनमध्ये आपल्या मुलीला ती टोचणी करविली. या उपायात धोका होताच. स्वाभाविक देवीने शंभरांत वीस-तीस रोगी दगावत, तर टोचणीने एक-दोन. शिवाय टोचलेल्या मुलापासून इतरांना खरी देवी होऊ शके. आपल्या हातांनी धडधाकट मुलाला रोग द्यायचा की रोगाची वाट पाहत बसायचे, असा हा पेच होता.

आठ वर्षांच्या एडवर्डला ही टोचणी झाली. तेव्हाच्या पद्धतीनुसार आधी कित्येक आठवडे त्याला अर्धपोटी ठेवण्यात आले, रेच देण्यात आले, रक्त काढण्यात आले. नंतर टोचलेल्या इतर मुलांबरोबर त्याला एका तबेल्यात ठेवले गेले. मूल वाचले, परंतु त्या दिवसांचा परिणाम त्याच्या प्रकृतीवर व झोपेवर पुढे दीर्घकाळ राहिला. ज्याने जगाला भयमुक्त करायचे, त्याने ते भय प्रथम स्वतःच्या अंगावर भोगले होते.

किशोरवयात जेन्नर एका शल्यवैद्याकडे उमेदवारीस राहिले आणि १७७० साली लंडनला जॉन हंटर या विख्यात शल्यचिकित्सकाचे शिष्य झाले. केवळ तर्कावर न विसंबता प्रत्यक्ष करून पाहावे, ही हंटर यांची शिकवण त्यांनी जन्मभर पाळली. लंडनमध्ये राहून नाव व पैसा मिळविणे शक्य असताना ते बर्कलीला परतले व खेड्यापाड्यांतून घोड्यावरून हिंडत वैद्यकी करू लागले. कोकिळेच्या कुळातील कक्कू पक्ष्याचे नुकते उपजलेले पिल्लूच घरट्यातील इतर अंडी व पिल्ले बाहेर ढकलते, हे त्यांनी निरीक्षणाने दाखविले आणि १७८९ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

त्या परगण्यातील गवळणींमध्ये एक समजूत होती. गाईच्या सडांवर कधीकधी फोड येतात. धार काढणाऱ्यांच्या हातांनाही ते होतात, पण चार दिवसांत बरे होतात, आणि ज्याला हा गाईचा आजार होऊन गेला त्याला देवी येत नाहीत. शिकलेल्या वैद्यांनी ही समजूत अडाणीपणाची म्हणून सोडून दिली होती. १७७४ साली डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने मात्र देवीची साथ आली असता गाईच्या फोडातील द्रव आपल्या पत्नीला व दोन लहानग्या मुलांना टोचला. तिघेही वाचले. शेजाऱ्यांनी कौतुक केले नाही. माणसाच्या अंगात जनावराचा रोग घालणारा निर्दय बाप म्हणून त्याची हेटाळणी झाली आणि त्या मुलांना शिंगे फुटतील, अशी कुजबूज सुरू झाली. लसीविरोधी अफवेचा जन्म लसीच्या शास्त्राआधी झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

जेन्नर यांनी या समजुतीची अनेक वर्षे नोंद ठेवली. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील लस घेऊन त्यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडाला टोचली. आपल्या भाषेत लस हा शब्द मूळचा फोडातून पाझरणाऱ्या द्रवाचाच आहे. मुलाला किंचित ताप आला व उतरला. १ जुलै रोजी जेन्नर यांनी त्याला खऱ्या देवीची टोचणी केली. रोग झाला नाही. आजच्या कसोटीने पाहता हा प्रयोग निर्दोष नव्हता. ते मूल गरीब मजुराचे होते आणि त्याला विचारणारे कोणी नव्हते. देवीची टोचणी त्या काळी सर्रास केली जात असे, ही गोष्ट ध्यानात घेऊनही हा प्रश्न पुसता येत नाही. जेन्नर यांनी पुढे फिप्सला राहण्यास घर दिले, आणि जेन्नर यांच्या अंत्ययात्रेत तो प्रौढ फिप्स चालला, एवढी नोंद इतिहासाने ठेवली आहे.

रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध स्वीकारला नाही. तेव्हा अधिक उदाहरणे जमवून १७९८ साली त्यांनी स्वखर्चाने पुस्तक प्रसिद्ध केले. गाईला लॅटिनमध्ये वाक्का म्हणतात, त्यावरून व्हॅक्सिन हा शब्द रूढ झाला. आणि लगोलग विरोधाचे वादळ उठले. बेंजामिन मोसली, विल्यम रौली यांच्यासारख्या लंडनमधील प्रतिष्ठित वैद्यांनी लेखण्या परजल्या. लस टोचलेल्या एका मुलाचा चेहरा बैलासारखा झाल्याचे चित्र रौली यांनी आपल्या पुस्तिकेत छापले. १८०२ साली जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने लस घेणाऱ्यांच्या अंगातून गाई बाहेर पडत असल्याचे चित्र काढले. ते आजही पाहावयास मिळते. काही धर्मोपदेशकांनी ईश्वराने योजिलेल्या रोगात माणसाने हात घालू नये, असे बजावले. आणि जुन्या टोचणीवर ज्यांची कमाई अवलंबून होती, त्यांचा विरोध शास्त्रीय भाषेत बोलत असला तरी त्याचे मूळ खिशात होते.

या गदारोळात सामान्य आईबापांचे काय झाले असेल, याचा विचार करावा. त्यांना वैद्यक कळत नव्हते. एक वैद्य टोचा म्हणे, दुसरा टोचू नका म्हणे. साथ आली नाही तर मूल न टोचताही वाचेल, ही आशा होती. आणि टोचल्यावर काही विपरीत घडले तर ते आपल्या हाताने घडले, ही बोच जन्मभर राहणार होती. दैवाने दिलेले दुःख माणूस सोसतो, पण स्वतःच्या निर्णयाने ओढवलेले दुःख त्याला सोसवत नाही. विरोधाच्या मुळाशी अज्ञान होते, पूर्वग्रह होते, तसे हे अगदी माणसासारखे भयही होते.

जेन्नर स्वतः या भयाला अपवाद नव्हते. १७९८ साली आपला धाकटा मुलगा रॉबर्ट अकरा महिन्यांचा असताना त्यांनी त्याला लस टोचली, पण ती लागू पडली नाही. पुढे चेल्टनहॅम येथे रॉबर्टचा देवीच्या रोग्याशी संपर्क आला. जवळ गाईची लस नव्हती आणि थांबण्यास वेळ नव्हता. जेन्नर यांनी मुलाला जुन्या पद्धतीची टोचणी करविली. एका बापाने संकटकाळी हाताशी असलेला उपाय केला, एवढीच ती गोष्ट. परंतु जेन्नर यांचा स्वतःच्या लसीवर विश्वास नाही, असा डांगोरा विरोधकांनी पिटला. अर्धे सत्य हे अफवेचे सर्वांत धारदार शस्त्र असते, याचे हे उदाहरण दोनशे वर्षांनंतरही बोलके आहे.

सर्वच आक्षेप पोकळ होते असे मात्र नाही. लंडनच्या देवीच्या रुग्णालयात लसीत खऱ्या देवीचा अंश मिसळून काहींना फोड आले. हातावरून हातावर लस नेण्याच्या पद्धतीत एकाचा दुसरा रोग तिसऱ्याला होण्याची भीती रास्त होती. लसीचे संरक्षण आयुष्यभर टिकते, हा जेन्नर यांचा दावाही पुढे खरा ठरला नाही. काही वर्षांनी ती पुन्हा टोचावी लागे. हे दोष दूर झाले ते दोष दाखविणाऱ्यांना उत्तरे शोधावी लागली म्हणून. शंका विचारणारा पालक आणि अफवा पसरविणारा मनुष्य यांत भेद केला पाहिजे, हे या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

लस आपल्या देशात पोहोचली ती मुलांच्या हातांवरूनच. व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद, बसरा असा प्रवास करीत ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईतील ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस लागू पडली. भारतातील ते पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावरील लसीतून पुढे देशाच्या इतर भागांत लस गेली. इथेही विरोध झाला, पण त्याचे रूप वेगळे होते. आपल्याकडे रोगालाच देवी म्हणत. ती कोपेल ही धास्ती होती. परक्या जातीच्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात घालणे अनेकांना विटाळाचे वाटे. बंगालमध्ये जुनी टोचणी करणारे टीकादार होते, त्यांच्या पोटावर पाय येत होता. त्यातच लस घेऊन येणारे राज्यकर्ते परके. गाय पूज्य असल्याने हिंदू लोक ही लस आनंदाने स्वीकारतील, हा इंग्रजांचा होरा साफ चुकला. जिथे माणसावर विश्वास नाही, तिथे औषधावरही बसत नाही.

जेन्नर यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८०२ साली दहा हजार आणि १८०७ साली आणखी वीस हजार पौंड दिले. स्पेनच्या राजाने १८०३ साली अनाथ मुलांच्या हातांवरून लस समुद्रापार अमेरिकेत पाठविली. इंग्लंडशी युद्ध चालू असताना नेपोलियनने जेन्नर यांच्या शब्दाखातर कैदी मुक्त केले. पण ज्याने इतरांची मुले वाचविली, त्याचा थोरला मुलगा एडवर्ड १८१० साली क्षयाने गेला, आणि १८१५ साली पत्नी कॅथरीन निवर्तली. बर्कलीच्या बागेत एक झोपडीवजा खोली होती. तिथे ते गोरगरिबांच्या मुलांना विनामूल्य लस टोचीत. २६ जानेवारी १८२३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे वाद संपला नाही. १८५३ साली इंग्लंडमध्ये तान्ह्या मुलांना लस टोचणे कायद्याने सक्तीचे झाले व न टोचणाऱ्या पालकांना दंड होऊ लागला. पुढे कायदा अधिक कडक झाला, दंड वारंवार होऊ लागले, आणि न भरणाऱ्यांच्या घरातील सामान जप्त होई. याचा सर्वाधिक जाच गरिबांना झाला. लेस्टर शहरात १८८५ साली हजारो लोकांनी सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा काढला. अखेर १८९८ साली सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट देण्याची तरतूद कायद्यात करावी लागली. सक्तीने दंड पुढे करविता येतो, मन वळविता येत नाही, हे सरकारला उमगण्यास पंचेचाळीस वर्षे लागली.

विसाव्या शतकात मन वळविण्याचे काम घरोघर फिरणाऱ्या असंख्य आरोग्यसेवकांनी केले. भारतात देवीचा अखेरचा रोगी १९७५ साली आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

आज शाळेत गोवर-रुबेलाची वा अन्य लसीकरणाची मोहीम येते, तेव्हा संमतिपत्रासोबत पालकांच्या शंकाही येतात. शिंगे फुटण्याची अफवा आता कोणी सांगत नाही. तिच्या जागी वंध्यत्वाची वा दुबळेपणाची अफवा मोबाइलवरून फिरते. अशा वेळी पालकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने एकही मूल सुरक्षित होत नाही. त्यांना बसवून, डॉक्टरांशी बोलणे करून देऊन, ताप का येतो आणि तो किती दिवस राहतो हे सांगावे लागते. पालकांनीही शंका जरूर विचाराव्यात, मात्र त्या जाणत्या माणसाला विचाराव्यात, आणि उत्तर मिळाल्यावर मुलाचा हात पुढे करावा. देवी गेली, पण गोवर व घटसर्प अद्याप आपल्यात आहेत, आणि त्यांची वाट अडविणारी भिंत प्रत्येक घराच्या एकेका विटेने उभी राहते.