बाबूराव पेंटर आणि ‘सावकारी पाश’

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे नाव निघाले की चित्रकार, शिल्पकार, स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार करणारा कलावंत, अशी त्यांची थोरवी गायिली जाते. ती यथार्थच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा पुरुष विशेष मोठा वाटतो तो १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटामुळे.

१८९० साली कारागिराच्या घरात जन्मलेल्या बाबूरावांना शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. फाळक्यांच्या चित्रपटांनी दोघांना झपाटले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले, तरी बाबूरावांनी कॅमेऱ्याचे काम तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. (चित्रपटास भांडवल पुरविण्यास धनिक कचरत असताना एका गायिकेने ते पुरवावे, ही गोष्ट आपले इतिहासकार ओझरती सांगतात.) १९२० च्या ‘सैरंध्री’ने कंपनीला नाव मिळवून दिले.

पुराणे आणि शिवकाल यांवर कंपनी सुखाने चालली असती. बाबूरावांनी मात्र नारायण हरी आपटे यांची कथा घेतली आणि कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा शेतकरी पडद्यावर आणला. ती भूमिका तरुण शांतारामांनी केली. सावकाराच्या कागदापुढे निरक्षर कुणब्याचे काही चालत नाही, हे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनी सरकारलाही उमगले होते. १८७९ चा कायदा त्यातूनच झाला. तरीही पन्नास वर्षांनंतर जमिनी जातच होत्या. अंधूक प्रकाशातील झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे, एवढ्यावरच बाबूरावांनी ते दैन्य उभे केल्याचे जुने प्रेक्षक सांगत. देखावा सजविण्याची ज्यांची ख्याती, त्यांनी येथे सजावटच टाकून दिली, हे मला त्यांच्या साऱ्या भव्य चित्रपटांहून धाडसाचे वाटते.

प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. पदरमोड करून स्वतःचेच दैन्य पाहावयास कोण जाणार? कंपनी पुन्हा जुन्या विषयांकडे वळली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनी बाहेर पडून ‘प्रभात’ स्थापिली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा आधारच खचला. बाबूरावांच्या मनातून तो शेतकरी गेला नव्हता. १९३६ मध्ये त्यांनी हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा सांगितली. १९५४ च्या जानेवारीत कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.

दख्खनच्या दंग्यांवरील आयोगाचा अहवाल ग्रंथालयात आजही वाचावयास मिळतो. १९२५ च्या त्या मूकपटाची प्रत मात्र उपलब्ध नाही.